घरी बांधलेले विश्व

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. खर्चाचा व खटपटीचा खरा अंदाज अनुभवावाचून येत नाही, एवढाच तिचा अर्थ लोक घेतात. पण तिच्या पोटी आणखी एक अर्थ आहे, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. घरात वर्षानुवर्षे राहणाऱ्या भाडेकऱ्यास भिंत दिसते. तिच्यातील विटा कोणत्या भट्टीच्या, तुळई कोठून आणलेली, पाण्याचा नळ कोणत्या अंगाने वळविलेला, हे बांधणाऱ्यासच ठाऊक असते. भिंतीस ओल आली म्हणजे भाडेकरी वरून रंग देतो. बांधणारा नेमकी जागा खणतो. आज आपण सर्वच जण संगणकाच्या घरात राहू लागलो आहो. पत्रव्यवहार, पैशाअडक्याची देवघेव, मुलांचा अभ्यास, आप्तेष्टांची छायाचित्रे, सारे तेथेच. आणि या घराशी आपल्यापैकी बहुतेकांचे नाते भाडेकऱ्याचे आहे. ज्या थोड्या ठिकाणी हे घर पायापासून बांधून पाहण्याची मुभा आहे, त्यांपैकी एकाची हकीकत येथे सांगण्याचा विचार आहे.

संगणकाचे यंत्र स्वतः मुके असते. त्याच्याकडून काम करवून घेणारी, पडद्यावर अक्षर उमटविण्यापासून दूरच्या यंत्राशी बोलण्यापर्यंतची सर्व व्यवस्था पाहणारी जी प्रणाली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ती प्रथम मनुष्यांस वाचता येईल अशा भाषेत लिहिली जाते; या मूळ संहितेस सोर्स कोड हे नाव आहे. यंत्रास मात्र ही भाषा समजत नाही. म्हणून कंपायलर नावाचा दुभाषी तिचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच प्रणालींत हे रूपांतरच तेवढे आपल्या हाती पडते. संहिता विकणाऱ्याच्या तिजोरीत राहते. परंतु काही प्रणाली अशा आहेत की, ज्यांची संहिता कोणासही वाचावयास, बदलावयास व पुन्हा बांधावयास मोकळी आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत जी बीएसडी नावाची परंपरा वाढली, तिच्यातून 1993 साली निघालेली फ्रीबीएसडी ही त्यांपैकीच एक. काही वर्षांपासून आम्ही फावल्या वेळी तिच्या नादी लागलो आहो.

लिनक्सचे नाव वाचकांनी ऐकले असेल. काटेकोरपणे पाहिले तर लिनक्स हे केवळ प्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे नाव आहे. बाकीचा संसार निरनिराळ्या ठिकाणांहून आणून त्याभोवती मांडतात. फ्रीबीएसडीची रीत वेगळी. तिच्यात कर्नल आणि नित्याची हत्यारे एकाच छपराखाली, एकाच संहितेत राहतात. या संहितेचे मुख्य दार उघडले की निरनिराळी दालने दिसतात. ‘बिन’ या दालनात अगदी रोजची हत्यारे आहेत: फाईल दाखविणारे, तिची प्रत करणारे, तारीख सांगणारे. ‘एसबिन’मध्ये व्यवस्थापकाच्या उपयोगाची. ‘लिब’मध्ये सर्वांस समाईक लागणारी सामग्री. ‘सिस’ हे कर्नलचे दालन. त्यात पुन्हा स्मरणशक्तीची, जाळ्याची, निरनिराळ्या यंत्रजातींची स्वतंत्र कोठारे. ‘रेस्क्यू’ नावाच्या एका दालनातून संकटकाळची हत्यारे तयार होतात. बाकी सर्व बिघडले तरी कोणावर अवलंबून न राहता ती चालावी, अशी त्यांची बांधणी असते.

यांपैकी एखाद्या कोपऱ्यात शिरावे. ‘बिन’मध्ये ‘कॅट’ नावाचे लहानसे दालन आहे; फाईलीतील मजकूर पडद्यावर ओतणे एवढेच या हत्याराचे काम. तेथे हत्याराची संहिता आहे, तिच्या शेजारीच त्याचे माहितीपत्रक आहे, आणि ते कसे बांधावे हे सांगणारा एक कागद आहे, त्यास मेकफाईल म्हणतात. या कागदावरील मजकूर इतका थोडा असतो की, प्रथम पाहणाऱ्यास तो अपुरा वाटावा. हत्याराचे नाव आणि फार तर दोनचार ओळी! बाकीचे नियम ‘शेअर’ नावाच्या दालनात एकदाच लिहून ठेवले आहेत आणि ते सर्वांस लागू आहेत. चांगल्या कुटुंबात नव्याने आलेल्या माणसास प्रत्येक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही, घरचा रिवाज त्यास वाट दाखवितो. तसाच हा प्रकार. जगाच्या निरनिराळ्या टोकांस राहणारी, एकमेकांची तोंडेही न पाहिलेली शेकडो माणसे एका संहितेवर काम करू शकतात, याचे पुष्कळसे श्रेय आम्ही या रिवाजास देतो. माहितीपत्रक संहितेशेजारी ठेवण्यातही शहाणपण आहे. जो संहिता बदलील त्याच्या डोळ्यांसमोर तिचे वर्णनही असते, आणि ते न बदलण्यास त्याला सबब राहत नाही.

एक दालन मात्र मुद्दाम वेगळे काढलेले आहे. त्याचे नाव ‘कॉन्ट्रिब’. बाहेरच्या मंडळींनी लिहिलेली व त्यांच्याकडून आणलेली संहिता येथे ठेवतात. लग्नकार्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडी आणतात तेव्हा आपल्या भांड्यांत ती मिसळू नयेत म्हणून केवढी दक्षता घ्यावी लागते, हे गृहिणींस सांगावयास नको. भांड्यांवर नावे घालण्याची आपली चाल याचसाठी पडली. येथेही प्रत्येक फाईलीच्या माथ्यावर ती कोणाची व कोणत्या शर्तीवर दिलेली, हे लिहिलेले असते. उसनी वस्तू उसन्या वस्तूंच्या जागी, आणि ती घरात बांधावयाची ती मात्र आपल्या रिवाजाने, आपल्या मेकफाईलीने. हा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे प्रयोजन पडणार आहे.

आता बांधणीकडे वळू. बांधकामाची देखरेख करणारे ‘मेक’ नावाचे हत्यार 1976 साली बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी केले. त्यांच्या एका सहकाऱ्याने एक अख्खी सकाळ चूक शोधण्यात घालविली, आणि शेवटी कळले की चूक आधीच दुरुस्त झालेली आहे; दुरुस्त केलेली फाईल पुन्हा भाषांतरित करावयाची तेवढी राहून गेली आहे! या वैतागातून ‘मेक’चा जन्म झाला. त्याची युक्ती साधी आहे. संहितेची तारीख आणि तिच्यापासून तयार झालेल्या मालाची तारीख ताडून पाहावी. संहिता नवी असेल तर माल पुन्हा करावा, नसेल तर हात लावू नये. आमच्या जुन्या यंत्रातील घड्याळाची बॅटरी एकदा आटली, आणि दर वेळी सुरू होताना ते स्वतःस कित्येक वर्षे मागे नेऊ लागले. त्या दिवसांत नुकतीच लिहिलेली फाईल त्यास जुनीपुराणी वाटे आणि ‘मेक’ तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. पंचांग चुकले म्हणजे शास्त्रीबोवा तरी काय करणार!

फ्रीबीएसडीत कर्नल वगळून बाकीच्या सर्व संसारास ‘वर्ल्ड’, म्हणजे विश्व, असे नाव आहे. आणि तो बांधण्याची आज्ञा ‘मेक बिल्डवर्ल्ड’ अशी आहे. विश्व निर्माण करण्याचा अधिकार ब्रह्मदेवाखेरीज कोणास असेल असे आम्हांस वाटले नव्हते. येथे तो दोन शब्दांत मिळतो. रात्री निजण्यापूर्वी आज्ञा द्यावी. मग पडद्यावरून दालनांची नावे एकामागून एक सरकू लागतात. पॅसेंजर गाडी लहानमोठे प्रत्येक स्टेशन घेत जाते त्याप्रमाणे हे बांधकाम प्रत्येक दालनात थांबते, तेथले काम उरकते व पुढे निघते. तयार झालेला माल संहितेत न ठेवता निराळ्या कोठीत साठवितात. त्यामुळे मूळ पोथीस डाग लागत नाही, आणि हवे तेव्हा सारी कोठी झाडून पुन्हा आरंभ करता येतो. आमच्या जुन्या यंत्रास या कामी सबंध रात्र पुरत नाही. सकाळचा चहा होतो तरी पंखा घरघरतच असतो. याचे मोठे कारण असे की, संहितेतील सर्वांत अवजड वस्तू म्हणजे खुद्द कंपायलर, आणि तोही याच विश्वाचा भाग आहे.

येथे विचारी वाचकास शंका येईल. कंपायलर बांधावयाचा तर तो बांधण्यास आधी कंपायलर पाहिजे. मग पहिला कोठून आला? कोंबडी आधी की अंडे, या कोड्यासारखेच हे दिसते. पण आपल्या स्वयंपाकघरात याचे रोज उत्तर मिळत असते. दही लावावयास विरजण लागते आणि विरजण म्हणजे कालचेच दही. बांधकामाचा क्रमही असाच आहे. प्रथम हाती असलेल्या जुन्या प्रणालीच्या साहाय्याने काही नवी हत्यारे करावयाची. जुना कंपायलर पुरेसा नवा नसेल तर त्याच्याकडून नवा करवून घ्यावयाचा. त्या नव्याने समाईक सामग्री बांधावयाची. आणि शेवटी सर्व विश्व, त्यात पुन्हा तो कंपायलरही. सर्व उरकले म्हणजे आधी नवा कर्नल बसवितात, यंत्र पुन्हा सुरू करतात, आणि मग बाकीचे विश्व त्याच्या जागी नेतात. हा क्रम उलटा करून चालत नाही. नव्या कर्नलास जुन्या हत्यारांच्या मागण्या कळतात. जुन्या कर्नलास नव्या हत्यारांच्या नव्या मागण्या कळतीलच असे नाही.

आमच्या शेजारी एक निवृत्त हिशेबनीस राहतात. रात्रभर चाललेली घरघर ऐकून ते एकदा म्हणाले, “अहो, हीच वस्तू तयार मिळते, तीही फुकट, असे तुम्हीच सांगता. मग वीज जाळून घरी कशाला करता?” प्रश्न रास्त होता. तयार वस्तू मिळते, आणि ती बहुधा आमच्या घरच्याहून वाईट नसते. तेव्हा हौस एवढेच उत्तर देऊन आम्हांस सुटता आले असते. पण हिशेबाच्या धंद्यात जन्म घालविलेल्या गृहस्थास हौसेचे उत्तर देणे प्रशस्त नव्हे. त्यांनी उभ्या आयुष्यात जे केले तेच आम्ही करीत होतो: कीर्द आणि खतावणी जुळते की नाही, हे पाहत होतो. संहिता ही कीर्द. यंत्रात चालते ती खतावणी. दोन्ही एकाच व्यवहाराच्या आहेत, असे कोणी नुसते सांगितल्याने हिशेबनिसाचे समाधान होत नाही. ती जुळवून पाहावी लागते. आणि ही जुळणी किती मोलाची आहे, याचे दाखले या परंपरेच्या इतिहासातच आहेत.

पहिला दाखला मालकीचा. बर्कलीची संहिता मुळात एटी अँड टी या कंपनीच्या युनिक्स प्रणालीवर वाढलेली होती, आणि ती घेणाऱ्यास त्या कंपनीचा परवाना लागे. जून 1989 मध्ये विद्यापीठाने स्वतः लिहिलेला जाळ्यासंबंधीचा भाग मोकळा केला. तेव्हा कीथ बॉस्टिक यांनी असे मनावर घेतले की, बाकीचीही प्रणाली मोकळी करावी. त्यासाठी युनिक्समधील शेकडो हत्यारे, मूळ संहिता न पाहता, केवळ त्यांच्या प्रसिद्ध वर्णनावरून नव्याने लिहावयाची होती. त्यांनी देशोदेशींच्या हौशी मंडळींस हाक घातली. मोबदला म्हणून हत्याराच्या नावापुढे लिहिणाऱ्याचे नाव लागेल, एवढेच! सुमारे दीड वर्षात बहुतेक महत्त्वाची हत्यारे लिहून झाली. मग बॉस्टिक, माईक कॅरल्स व कर्क मॅक्युसिक हे तिघे कर्नलची एकेक फाईल घेऊन बसले. कोणती ओळ कोणाची, हे पाहण्यात महिने गेले. अखेरीस सहा फाईली सोडून बाकी सर्व निर्वेध ठरले, आणि जून 1991 मध्ये ती संहिता प्रसिद्ध झाली.

पुढे खटला झाला. एटी अँड टीची युनिक्स सांभाळणारी शाखा 1992 साली न्यायालयात गेली. या संहितेवर धंदा करणारी एक कंपनी आणि विद्यापीठ असे दोघेही त्यात सापडले. जानेवारी 1994 मध्ये तडजोड झाली तेव्हा निष्पन्न काय झाले? सुमारे अठरा हजार फाईलींपैकी तीन काढून टाकाव्या लागल्या, काहींत किरकोळ फेरफार झाले, आणि सत्तरएक फाईलींवर फिर्यादीचेही नाव घालावे लागले. अठरा हजार भांड्यांच्या पसाऱ्यात तीनच परकी निघाली! ज्यांनी आधी भांडे न् भांडे उजेडात धरून पाहिले होते, त्यांच्या मेहनतीचे याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते? फ्रीबीएसडीच्या मंडळींस मात्र जुना पाया सोडून तडजोडीतून आलेल्या नव्या संहितेवर सारी प्रणाली उभारावी लागली. त्या संहितेतून बरेच आवश्यक भाग गळालेले होते. ते भरून काढून नोव्हेंबर 1994 मध्ये त्यांनी आपली दुसरी आवृत्ती काढली.

दुसरा दाखला विश्वासाचा. युनिक्सचे एक जनक केन टॉम्पसन यांस 1983 सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. त्या निमित्ताने केलेले त्यांचे भाषण 1984 साली छापले गेले. त्यात त्यांनी दाखविले की, कंपायलरमध्ये अशी लबाडी भरून ठेवता येते की, यंत्रात प्रवेश देणाऱ्या हत्याराचे भाषांतर करताना तो गुपचूप एक चोरदार पाडील. इतकेच नव्हे, तर स्वतःच्या शुद्ध संहितेवरून नवा कंपायलर बांधतानाही ती लबाडी त्यात उतरवील. मग संहिता कितीही वाचा, तिच्यात दोष सापडावयाचा नाही. विरजण नासले म्हणजे रोज नवे दूध घेतले तरी दही नासकेच लागते. यावर डेव्हिड व्हीलर यांनी 2005 साली एक उपाय प्रसिद्ध केला, तोही स्वयंपाकघरास परका नाही. संशयित कंपायलरची संहिता अगदी दुसऱ्याच घराण्याच्या कंपायलरकडून बांधवून घ्यावी, त्या मालाने तीच संहिता पुन्हा बांधावी, आणि आलेले फळ मूळच्याशी अक्षरशः जुळते की नाही ते पाहावे. दुसऱ्या घरचे विरजण लावून चव ताडून पाहण्याचीच ही तऱ्हा. असे ताडून पाहता यावे म्हणून एकाच संहितेपासून कोणीही, कोठेही बांधले तरी अक्षरशः तेच फळ यावे, असा प्रयत्न 2013 पासून डेबियन या लिनक्स-परिवारातील मंडळींनी नेटाने चालविला, आणि इतरांनीही तो उचलला. त्यात पहिला अडथळा कोणता निघाला? बांधणाऱ्याचे नाव आणि बांधल्याची वेळ! या दोन गोष्टी मालात कोरून ठेवण्याची जुनी सवय मोडावी लागली.

तिसरा दाखला अगदी अलीकडचा आहे. ‘एक्सझेड’ नावाचे, फाईली दाबून लहान करणारे हत्यार बऱ्याच प्रणालींत वापरतात. त्याच्या सेवेत शिरलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणे उपयुक्त काम करून विश्वास संपादन केला, आणि 2024 च्या आरंभी निघालेल्या 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदार बसविले. ते कोठे? चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या, कोणास वाचता न येणाऱ्या फाईलींत. आणि ते उघडण्याची किल्ली बांधकामाच्या एका कागदात होती; हा कागद सर्वांच्या डोळ्यांपुढे असलेल्या सार्वजनिक संहितेत नव्हता, प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात तेवढा घातला होता. म्हणजे कीर्द निर्मळ आणि खतावणी खोटी! आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले. त्याने तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही, आणि 29 मार्च 2024 रोजी कट उघडकीस आला.

फ्रीबीएसडीत तेव्हा काय स्थिती होती? लोकांच्या हाती दिलेल्या तिच्या आवृत्त्यांत हे हत्यार जुने, निर्दोष होते. परंतु चालू कामाच्या संहितेत 5.6.0 येऊन पडलेले होते. तरी अपाय झाला नाही. बाहेरचे सामान आत घेताना त्या चाचणीच्या फाईली उंबऱ्याबाहेरच राहिल्या होत्या. आणि बाहेरच्यांचा बांधकामाचा कागद येथे वापरतच नाहीत, घरच्या मेकफाईलीने बांधतात. किल्लीच आत आली नाही. हल्ल्याचा रोख मुळात लिनक्सवर होता, हेही सांगणे प्राप्त आहे. तेव्हा या गोष्टीचा अभिमान मिरवू नये. पण उसनी भांडी वेगळी ठेवावी आणि चूल आपली असावी, हा तीस वर्षांचा कंटाळवाणा नियम त्या दिवशी कामास आला. तो घालून देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हा कट नव्हता. नीटनेटकेपणा तेवढा होता.

यावरून सर्वांनी आपापली प्रणाली घरी बांधावी, असे आमचे म्हणणे नाही. त्यास वेळ लागतो, वीज लागते, आणि मनुष्याचे आयुष्य मोजके आहे. गावात प्रत्येकाने हिशेब तपासावे लागत नाहीत. तपासावयाची मुभा सर्वांस असावी, आणि काही थोड्यांनी ती खरोखर वापरावी, एवढ्याने व्यवहार पुष्कळसा सरळ राहतो. मात्र ती मुभा कागदावरची असता उपयोगी नाही. हजारो फाईली ढीग करून अंगणात ओतल्या आणि “घ्या, सर्व खुले आहे” असे म्हटले, तर त्या औदार्याचा कोणास काय लाभ? कोणती वस्तू कोठे आहे, कोणाची आहे, ती कशापासून व कोणत्या क्रमाने झाली, हे परक्यासही शोधता आले पाहिजे, आणि त्याच्या हाताने तेच फळ पुन्हा आले पाहिजे. संहितेचे खुलेपण आम्ही या कसोटीवर मोजतो.

हिशेबनीस गृहस्थांस हे सर्व आम्ही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि त्यांच्या धंद्यास शोभेल असा एकच प्रश्न विचारला, “मग जुळते का?” त्या रात्री बांधलेले विश्व एव्हाना आमच्या यंत्रात सुरू झालेले होते. आम्ही त्यांस ‘कॅट’ची संहिता उघडून दाखविली, माथ्यावरची नावे वाचून दाखविली, आणि तीच फाईल त्याच ‘कॅट’कडून पडद्यावर ओतवून घेतली. चष्मा सावरून त्यांनी तिच्या चारदोन ओळी वाचल्या, आणि पुढील खेपेस बांधणी आपल्या देखत व्हावी असे सांगून ते घरी गेले.